विरार लोकलने आणलेली शाई

विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. दिवसाला एक जाणार, एक येणार, एवढाच तेव्हाचा कारभार. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि वसई-विरारचा माणूस खऱ्या अर्थाने मुंबईच्या कचेऱ्यांचा माणूस झाला. बँका, विमा कंपन्या, गोदी, रेल्वे, गिरण्यांची ऑफिसं, सरकारी खाती. संध्याकाळी परतताना त्याच्या शर्टाच्या खिशाला पेन अडकवलेलं असायचं आणि पिशवीत मुलांसाठी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून घेतलेल्या वह्या-पेन्सिली. निवृत्त झाला की टेबलाच्या खणातलं त्याचं स्वतःचं सामान एका डब्यात भरलं जायचं आणि डबा माळ्यावर चढायचा.

असे डबे वसई गावात, आगाशीत, निर्मळला, माणिकपुरात अजून आहेत. जुनं घर पाडून इमारत उभी राहायची ठरली की सगळ्यात आधी हेच डबे भंगारात जातात. जुनी स्टेशनरी जमवणारे आम्ही लोक भंगारवाल्याच्या आधी तिथे पोचायला बघतो. त्या डब्यांत काय काय सापडतं आणि ते का जपावं, त्याच्या या गमतीजमती.

एकाच सालची तीन नावं

शाईच्या शौकिनाने १९३१ हे साल पाठ करून ठेवावं. त्या वर्षी गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर आणि गोविंद परशुराम दांडेकर या भावांनी ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि शाईच्या गोळ्या विकायला सुरुवात केली. गोळी पाण्यात टाकायची, ढवळायची, झाली शाई. काचेची बाटली गावोगाव सांभाळून धाडण्यापेक्षा पुडी धाडणं केव्हाही सोपं. पुढे घोड्याच्या जागी उंट आला, ‘कॅमल’ शाई घराघरांत पोचली आणि कंपनीचं नाव कॅमलिन झालं.

त्याच १९३१ साली अमेरिकेत पार्कर कंपनीने ‘क्विंक’ ही झटपट सुकणारी शाई बाजारात आणली. आणि त्याच साली शांघायमध्ये एक पेनांचा कारखाना निघाला, तोच पुढे ‘हीरो’ म्हणून जगभर गेला. सोनेरी टोपणाचं हीरो पेन दहावी पास झालेल्या पोराला मामाकडून मिळायचं, ते हे. वसईतल्या एकाच घराच्या एकाच खणात क्विंकची रिकामी बाटली, कॅमलची अर्धी बाटली आणि हीरोचं पेन सापडलं तर समजा, तीन देशांत एकाच साली जन्मलेली भावंडं एकत्र नांदत होती.

स्वदेशीच्या भरात शाई बनवणारे आणखीही होते. बंगालात १९३४ साली ‘सुलेखा’ निघाली. तिची बाटली आपल्याकडे क्वचित मिळते, म्हणून मिळाली की सोडायची नाही.

कॅमलिनच्या वस्तूंचं वय ओळखायला एक सोपी खूण आहे. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने कॅमलिनमध्ये मोठा हिस्सा घेतला. डबीवर ‘कोकुयो कॅमलिन’ छापलेलं असेल तर ती त्यानंतरची. नुसतं ‘कॅमलिन’ किंवा नुसताच उंट असेल तर ती आधीची.

पेन्सिलींचा गाव फार लांब नाही

आपल्याला वाटतं वह्या-पेन्सिली कुठून तरी दुरून येतात. विरारच्या पुढे जाऊन बघा. महामार्गावर खानिवड्याला नवनीतचा कारखाना, तोही वसई तालुक्यातच. सुंदरमच्या वह्या पालघरकडच्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कॅमलिन. आणि डहाणू, घोलवड ओलांडलं की उंबरगाव, जिथे नटराज-अप्सरावाल्या हिंदुस्थान पेन्सिल्सचाही कारखाना आहे आणि डॉम्सचाही. आज उंबरगाव गुजरातेत असलं तरी १ मे १९६० पर्यंत तो तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे वसई आणि उंबरगाव एका जिल्ह्याचे. १९५८ साली सुरू झालेल्या हिंदुस्थान पेन्सिल्सची लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज आणि आपण, आपलं शेजारधर्माचं नातं आहे.

पेन्सिलीचं लाकूड मात्र बराच प्रवास करून येतं. काश्मीरमधल्या पुलवामा जिल्ह्यातलं ऊखू हे गाव पॉप्लरच्या लाकडाच्या पट्ट्या कापून देशभरच्या पेन्सिल कारखान्यांना पुरवतं. आतलं शिसं शिसं नाहीच, ते ग्राफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण. माती किती घालायची त्यावर पेन्सिल कडक की मऊ हे ठरतं. १७९५ साली फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेने ही युक्ती काढली, कारण युद्धामुळे इंग्लंडचं शुद्ध ग्राफाइट मिळेनासं झालं होतं.

पेन्सिलीचे जुने तुकडे कुणी ठेवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अंगठ्याएवढ्या तुकड्याला बॉलपेनचं रिकामं नळकांडं जोडून शेवटपर्यंत वापरणारी पिढी याच भागात वाढली. असा जोडलेला तुकडा मिळाला तर तो कोऱ्या डझनभर पेन्सिलींपेक्षा मोलाचा समजावा. आणि सोललेली साल? ती दुधात भिजत घातली की खोडरबर होतो, अशी खात्री ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या प्रत्येक पोराला होती. वाट्याच्या वाट्या दूध त्यापायी नासलं.

कारकुनाचा डबा

आता एक डबा जवळून बघू. वसई गावातल्या एका घरातून माझ्याकडे आलेला हा चपटा पत्र्याचा डबा आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलेला पिवळा कागद, त्यावर शाईने उतरवलेला तक्ता: १ आणा म्हणजे ६ नवे पैसे, २ आणे म्हणजे १२, ३ आणे म्हणजे १९, ४ आणे म्हणजे २५. सहाच्या पाढ्यात तीन आण्यांचे अठरा व्हायला हवेत, पण खरा आणा सव्वासहा पैशांचा, म्हणून सरकारी कोष्टकात ते एकोणीस. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा देशभरच्या कारकुनांनी हा घोळ रोज निस्तरला. झाकण उघडलं की तक्ता समोर, अशी या गृहस्थाने सोय करून ठेवली होती.

आत एक टाक आणि दोन निबा. लाखेची कांडी, एका टोकाला मेणबत्तीवर धरून काळी पडलेली. गंज चढलेल्या टाचण्या. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी अशी जाड पेन्सिल. हिशेब तपासणारा बरोबर रकमेला एका रंगाची खूण करायचा आणि शंकेच्या जागी दुसऱ्या. या पेन्सिलीचं लाल टोक जवळजवळ संपलंय, निळं तसंच आहे. त्यावरून मालक कुठल्या कामाचा होता याचा अंदाज बांधता येतो, आणि तसा अंदाज बांधत बसण्यातच या छंदाची खरी मजा आहे. रंगांना कचेरीत मान असतो. आजही केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीत हिरवी किंवा लाल शाई वापरायची मुभा सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांपुरती आहे, तीही क्वचित. बाकीच्यांनी निळी किंवा काळी.

दुसरी पेन्सिल साधी काळपट दिसते. तिचं टोक ओलं करून लिहिलं की अक्षर जांभळं उमटतं आणि खोडलं तरी जात नाही. ही कॉपिंग पेन्सिल, शिशात रंग मिसळलेली. जिथे दौत घेऊन फिरणं शक्य नाही आणि साधी पेन्सिल चालत नाही, तिथे ती हवी: माल उतरवताना, टपाल वाटताना, गाडीत. जुनी माणसं टोक जिभेला लावायची. तुम्ही मुळीच लावू नका, तो रंग विषारी असतो. ओल्या फडक्याला टोक टेकवून चाचणी घ्या.

डब्याच्या तळाशी टीपकागदाचे तुकडे आहेत. माझ्या मते सगळ्या डब्यात तेच सर्वांत बोलके. लिहिलेल्या ओळीवर दाबला की टीपकागद शाई पितो आणि अक्षरं उलटी उमटतात. तो आरशासमोर धरा. अर्धवट रकमा, एखादी तारीख, पत्राच्या शेवटची सही, सगळं सुलटं दिसायला लागतं. माझ्या तुकड्यावर एकच सही पुन्हापुन्हा, एकावर एक उमटलेली आहे. रोज त्याच टेबलावर, त्याच जागी दाबलेला कागद.

असा डबा बाजारात गेला की फुटतो. निबा सुलेखन करणारा नेतो, पत्र्याचा डबा कुणी दिवाणखान्यात शोभेला ठेवतो, लाल-निळी पेन्सिल कचऱ्यात. सुट्या वस्तूंना किंमत जास्त येते हे खरं. पण तक्ता, झिजलेलं लाल टोक आणि टीपकागद एकत्र असतात तेव्हाच एका माणसाचं काम दिसतं. म्हणून माझा आग्रह असा की संच हाती आला की मोडायचा नाही. आधी जसा आहे तसा फोटो काढायचा, कुठली वस्तू कुठे होती ते लिहायचं, मग हात लावायचा.

सोपाऱ्याने हे आधीच शिकवलंय

वसई-विरारमधला सगळ्यात प्रसिद्ध संच कुठला? नालासोपाऱ्याचा! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचं उत्खनन केलं. तो निघाला बौद्ध स्तूप. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे तुकडे. भोवती बुद्धाच्या आठ ब्राँझ मूर्ती. भगवानलालांनी कशाच्या आत काय होतं ते बारकाईने नोंदवलं, म्हणून तो क्रम आज आपल्याला कळतो. सुटी सुटी उचलली असती तर पाच सुंदर डब्या उरल्या असत्या, एवढंच.

लिखाणाच्या बाबतीतही सोपारा आद्य. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे १८८२ मध्ये मिळाला आणि नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली ब्राह्मी अक्षरं. आपल्या पंचक्रोशीत सापडलेला याहून जुना मजकूर मला ठाऊक नाही.

संच बांधून ठेवण्याची मराठी पद्धत म्हणजे रुमाल. कागदांच्या चळती फडक्यात बांधायच्या, वर चिठ्ठी लावायची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापून काढले, आणि त्यातला एक खंड चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेला वाहिलेला आहे. मे १७३९ मध्ये वसई हाती आली. ती लढाई तोफा-सुरुंगांची खरीच, पण दाणागोटा, दारूगोळा, माणसं यांच्या मागण्या बोरूने मोडीत लिहिल्या जात होत्या म्हणून ती आज तपशिलात वाचता येते. वसईच्या नावाचे दोन तहही आहेत. २३ डिसेंबर १५३४ चा गुजरातच्या बहादूरशहाचा पोर्तुगीजांशी, आणि ३१ डिसेंबर १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाचा इंग्रजांशी. दोन्ही डिसेंबरच्या शेवटाला.

तारीख नसलेल्या कागदाची तारीख

पावती, बिलबुक, लेटरहेड, रबरी शिक्का यांवर बहुतेकदा छपाईचं साल नसतं. वसई-विरारचं मात्र एक भाग्य आहे. इथली नावं, हद्दी आणि जिल्हे इतके बदलले की कागदाला आपलं वय लपवताच येत नाही.

पत्त्यात ‘जि. ठाणे’ असेल तर कागद १ ऑगस्ट २०१४ च्या आधी छापलेला, त्या दिवशी पालघर जिल्हा झाला. ‘नवघर-माणिकपूर नगरपरिषद’, ‘विरार नगरपरिषद’, ‘नालासोपारा नगरपरिषद’ यांच्या पावत्या ३ जुलै २००९ च्या आधीच्या, कारण त्या दिवशी महानगरपालिका अस्तित्वात आली. या नगरपरिषदांच्या पाणीपट्टी-घरपट्टीच्या पावत्या आज घराघरांत फायलींमध्ये आहेत आणि कुणी त्यांना जुनं मानत नाही. हीच वेळ आहे त्या वेगळ्या काढायची.

पत्त्यात पिन कोड नसेल तर कागद बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा. सहा आकड्यांचा पिन त्या दिवशी सुरू झाला आणि त्यामागचं डोकं मराठी होतं: टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर. पहिला आकडा टपालाचा मोठा विभाग सांगतो. आपला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा.

किंमत आणे-पैत असेल तर १९५७ च्या आधी. ‘नवे पैसे’ असतील तर मामला आणखी पक्का, कारण ‘नवे’ हा शब्द १९६४ मध्ये गळला. म्हणजे जेमतेम सात वर्षांचा माल. ‘मुंबई राज्य’ असं छापलेलं सरकारी लेटरहेड १ मे १९६० पूर्वीचं. फूटपट्टीवर नुसते इंच असतील, सेंटिमीटर नसतील, तर ती मेट्रिक मापं रुळण्याआधीची. इंग्रजी शिक्क्यावर वसईच्या जागी ‘बसीन’ असेल तर तो आणखी मागचा. अपवाद मात्र ध्यानात ठेवा: पापडीची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक १९१८ पासून ते नाव आजही लावते. तेव्हा नुसतं नाव बघून निकाल देऊ नका, बाकीच्या खुणाही जुळवा. हा सगळा खेळ मला शब्दकोड्याहून प्रिय आहे.

भाजीची पट्टी, गाडीचा पुठ्ठा

वसईच्या बागायतदाराची स्टेशनरी वेगळीच. केळी, भाजी, फुलं मुंबईच्या बाजारात गेली की दलाल मालाची विक्री, हमाली, भाडं, आडत सगळं मांडून एक कागद धाडायचा. ती पट्टी. वर पेढीचं नाव आणि गणपतीचं किंवा लक्ष्मीचं चित्र, खाली घाईघाईत ओढलेले आकडे. पट्ट्या दोऱ्यात किंवा तारेच्या आकड्यात ओवून ठेवायची रीत होती, म्हणून प्रत्येकीला मधोमध भोक. ते भोक दोष मानू नका, ती पट्टी शेतकऱ्याच्या घरी पोचली होती याची ती निशाणी. केळीचा भाव वर्षावर्षाला कसा हलला हे अशा एका आकड्यावरून वाचता येतं. दुकानदाराकडची लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी, रोजमेळ, खतावणी हेही याच कुळातलं. लक्ष्मीपूजनाला पूजलेल्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक असतं. ते पान कधी फाडू नये.

रेल्वेचा पुठ्ठ्याचा तिकीट-तुकडा आठवतो? सव्वादोन इंच लांब, जाड, आकड्यांनी नंबर घातलेला. जगभर एकाच मापाचं ते तिकीट थॉमस एडमंडसन या इंग्रजाचं. लाकडी सामानाचा धंदा बुडाल्यावर तो स्टेशनावर नोकरीला लागला आणि हाताने तिकीट लिहीत बसण्याला कंटाळून १८३० च्या दशकात त्याने छापील नंबरी पुठ्ठा काढला. विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगाव यांची अशी तिकिटं अजून वहीत खूण म्हणून सापडतात. त्यानंतरची कूपनांची पुस्तिका तर आपल्यातल्या अनेकांनी स्वतः वापरली: कूपन यंत्रात सरकवायचं, खटकन शिक्का. २०१५ च्या सुमारास ती यंत्रं गेली. कोऱ्या कूपनांची अख्खी पुस्तिका कुणाच्या बॅगेच्या कप्प्यात राहिली असेल तर ती आजच वहीत नीट ठेवावी.

टेबलावरच्या चिल्लर चमत्कारांबद्दल

स्टेपलरच्या पिनांच्या डबीवर २४/६ असं असतं. २४ हा तारेचा गेज, ६ म्हणजे पिनेच्या पायाची लांबी, मिलिमीटरमध्ये. आयुष्यभर मागत आलो, अर्थ कुणी सांगितला नव्हता.

कार्बन पेपरचं पेटंट १८०६ सालचं, इंग्लंडच्या राल्फ वेजवुडचं. आपल्याकडे कार्बन म्हणजे ‘कोरेस’, आणि ती कंपनी मुळात व्हिएन्नाच्या विल्हेल्म कोरेस्काने १८८७ मध्ये काढलेली. दोन भोकांचं पंचिंग मशीन जर्मनीच्या फ्रीड्रिश झोनेकेनचं, १४ नोव्हेंबर १८८६. आपल्या सरकारी फायलीला मात्र दोन भोकं कधी मानवली नाहीत. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक भोक, त्यात टॅग ओवलेला.

चुकलेलं पांढरं करणारं द्रावण शोधलं ते डॅलसच्या एका टायपिस्ट बाईने. बेट नेस्मिथ ग्रॅहम त्यांचं नाव. चित्रकार चूक झाली की वर रंग मारतात, मग टायपिस्टने का मारू नये, असा त्यांचा साधा विचार. घरच्या स्वयंपाकघरात सुरू झालेला तो धंदा १९७९ मध्ये जिलेट कंपनीने ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतला.

आपला टाइपरायटर मात्र विक्रोळीचा. गोदरेजने १९५५ मध्ये संपूर्ण भारतीय टाइपरायटर बनवला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. टायपिंगच्या वर्गांमधून निघालेली यंत्रं अजून भंगारात मिळतात. यंत्र नेता आलं नाही तरी रिबनची पत्र्याची गोल डबी नक्की घ्या. तिच्यावरची छपाई बहुतेक वेळा यंत्रापेक्षा देखणी असते.

फुलस्केप कागद आपल्या डोळ्यांदेखत जुना झाला. ए-४ चं माप जर्मनीने १९२२ मध्ये ठरवलं. दुमडून अर्धा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, ही त्याची करामत. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-४ स्वीकारला. तेव्हा कोर्टाचा लांब हिरवट कागद कुठल्या जुन्या वकिलाच्या कपाटात कोरा शिल्लक असेल तर एक दस्ता मागून घ्या.

डिंकाचीही एक कथा आहे. बाभळीचा डिंक, गव्हाच्या पिठाची खळ आणि १९५९ मध्ये आलेला फेव्हिकॉल. जुना पुठ्ठा हलका ओला केल्यावर चिकटवण सुटलं तर ते खळ किंवा डिंक. सुटत नसेल तर नंतरचं.

पेन हातावर घासा

जुनं काळं पेन सापडलं की ते प्लास्टिकचं की इबोनाइटचं, असा प्रश्न पडतो. तळहातावर जोराने घासून नाकाशी न्या. गंधकाचा वास आला तर इबोनाइट, कारण ते रबर आणि गंधक भाजूनच बनतं. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. सेल्युलॉइडला आगीपासून लांब ठेवायचं, ते भसकन पेटतं, आणि बाकीच्या वस्तूंपासूनही वेगळं, कारण म्हातारपणी ते वाफा सोडतं. इबोनाइटला ऊन आणि पाणी दोन्ही वर्ज्य. काळं पेन भिजत घातलं तर ते तपकिरी होऊन बाहेर येतं.

आणि वसईची हवा! समुद्र, खाडी, मिठागरं आणि चार महिने कोसळणारा पाऊस. इथे टाचणी एका पावसाळ्यात गंजते आणि कागदावर कायमचा डाग सोडते. म्हणून पहिलं काम म्हणजे कागदांतल्या टाचण्या, पिना, रबरबँड काढणं. मात्र त्या फेकायच्या नाहीत, छोट्या पुडीत त्याच संचासोबत ठेवायच्या. डिंक लावलेली जुनी पाकिटं दमट हवेत आपोआप चिकटतात, त्यांच्या पाळीखाली बटर पेपरची पट्टी सरकवा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन हे दोन शत्रू, एकदा लागले की परतीचा रस्ता नाही. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाका आणि ऑक्टोबरच्या उन्हात कपाटाची दारं उघडी ठेवा. कागद मात्र सावलीत.

शोधायचं कुठे

मुंबईत चोरबाजार, पुण्यात जुना बाजार ही नावं सगळ्यांना ठाऊक. दौती आणि कलमदानं बघायला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं, नजर तयार होते. पण खरा साठा गावातल्या जुन्या स्टेशनरीच्या दुकानात असतो. वसईच्या पारनाक्याकडच्या, विरार पूर्वेच्या, आगाशीच्या एखाद्या जुन्या दुकानात वरच्या फळीवर न खपलेला माल पडून असतो. दुकानदार काकांना नीट विचारा, घाई करू नका, दोन वह्या विकत घ्या, मग ‘वर काय आहे हो?’ म्हणा. जुन्या कंपासपेट्या, शाईच्या रिकाम्या बाटल्या, आकाशवाणीची वेळापत्रकं छापलेल्या पुठ्ठ्याच्या फायली, काहीही खाली येऊ शकतं.

टपाल कार्यालयाकडेही दुर्लक्ष नको. भारतातलं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ पासून आहे, अंतर्देशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० पासून. पोस्टाची तिकिटं १९२६ पासून नाशिकला छापली जातात, म्हणजे हे अर्धं घरचंच कार्य. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावून टाकलं गेलं. त्यामुळे घरातल्या दस्तऐवजांना टाचलेल्या जुन्या पोचपावत्या, ज्यांवर घेणाऱ्याची सही आणि तारखेचा गोल शिक्का असतो, त्या आता जपून ठेवण्याजोग्या झाल्या आहेत. सातबाऱ्याच्या, बँकेच्या, कोर्टाच्या फायली चाळताना पोचपावती दिसली तर टाचणी काढा, मागचा शिक्का उजेडात धरून गावाचं नाव वाचा आणि ज्या पत्राची ती पावती आहे, त्याच्याच पाठीशी ठेवा.